मागावरचं अर्धं लुगडं

शहापूर, बेळगाव. आषाढ, रविवारची रात्र.

आज पावसानं दिवसभर उसंत दिली नाही. दुपारी भावाची मुलगी आली. नववीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचते ती बोट ठेवून. गेल्या महिन्यात तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या वडिलांची हुबळीला बदली झाली, तेव्हापासून पोर मिटून गेली आहे. घरात सगळे म्हणतात, वय आहे, होईल सरळ. मी काहीच म्हणाले नाही. कपाटातून प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' काढून तिच्या हातात ठेवलं.

"आत्या, मोठं आहे की गे हे. मी कवा वाचून संपवणार?"

"संपवू नकोस. नुसतं वाच."

ती खिडकीत जाऊन बसली आणि मला माझं नववीचं वर्ष आठवत राहिलं. 1991 चा पावसाळा. बाबा हातमागावर बसायचे. मी शाळेतून आले की सुताच्या कांड्या भरायला बसायची. एका रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि पहाटे ते गेले. मागावर नऊवारी लुगडं चढवलेलं होतं. सहा वार विणून झाले होते, तीन राहिले होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला जवळ घेऊन एकच वाक्य बोलायची, "आता तू मोठी झालीस हं." चौदा वर्षांची मी. मान हलवायची. रडू येतच नव्हतं. आठवीत 'श्यामची आई' वाचताना मी ढसाढसा रडले होते. आई गेल्यावर श्याम घरी पोचतो, ते पान तर डोळे पुसत पुसत वाचलं होतं. आणि आता स्वतःचे बाबा गेले तर डोळे कोरडे. आपण वाईट मुलगी आहोत असं तेव्हा मला अगदी मनापासून वाटलं.

तेरावा झाला. सूत व्यापाऱ्याचं, लुगडं पुरं करून देणं भाग होतं. गल्लीतल्याच एका मागवाल्याचा थोरला मुलगा येऊन बसला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, दहावीला बसून पुढं शाळा सोडलेला. तो धोटा फेकायचा, मी कांड्या भरून द्यायची. बोलणं असं काही नाही. पहिल्याच संध्याकाळी मी विणलेल्या कापडावरून हात फिरवला तेव्हा एका जागी बोट थांबलं. सूत घट्ट बसवायचा बाबांचा ठोक जड होता, त्यांचं कापड दाट यायचं. ह्याचा ठोक हलका. बाबांचा हात जिथं संपला आणि ह्याचा सुरू झाला तिथं एक रेघ उमटली होती. डोळ्यांना नीट दिसायची नाही, बोटाला कळायची. रोज दिवेलागणीला मी तिथं बोट ठेवून यायची.

कापड गुंडाळत जातं तसं विणलेलं आत जातं. चौथ्या दिवशी ती रेघही आत गेली. माझा हात रिकाम्या जागी फिरला आणि मी तिथंच, मागाच्या खड्ड्याशी बसून रडायला लागले. त्यानं माग थांबवला. जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मागं फिरवू काय? बघून घे परत." आणि खरंच, गुंडाळी सैल करून त्यानं ती जागा वर आणून दिली.

एवढंच. लुगडं कापून गेलं, माग विकला, तो इचलकरंजीला पॉवरलूमवर गेला. पुन्हा गाठ पडली नाही. तो मला आवडत होता हे कळायलाही मला दोन वर्षं लागली.

'वनवास' 1994 ला आलं. कॉलेजात असताना वाचनालयातून आणून वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की हे आमच्या गल्लीत कुणीतरी बसून लिहिलंय. कन्नड शब्द आमच्या तोंडात येतात तसेच त्यात सहज आलेले. आई-बाबांपासून लांब, आजी-आजोबांजवळ वाढणारा लंपन. सुमी जवळ असली की त्याचं काहीतरी होतं, पण त्या 'काहीतरी'ला त्याच्याकडे नाव नसतं. संतांनीही ते नाव त्याला पुरवलं नाही, आणि मला वाटतं तिथंच त्यांचं मोठेपण आहे. त्या वयात आधी पोटात कालवतं, शब्द फार नंतर येतो. 'श्यामची आई'त दुःखातूनही काहीतरी शिकायचं असतं. मला ते पुस्तक आजही प्रिय आहे, पण लंपनचं दुःख काहीच शिकवत नाही, ते नुसतं शेजारी येऊन बसतं. चौदाव्या वर्षी मला तसं कुणीतरी बसायला हवं होतं.

पुढं संतांच्याच 'झुंबर'मध्ये लंपनचे बाबा जातात. ते वाचल्यावर मी हिशेब मांडून बसले होते. संत 1937 चे, इथलेच, बेळगावचे. वडील गेले 1946 ला, तेव्हा ते नऊ वर्षांचे. मागे राहिलेली आई म्हणजे इंदिरा संत. मुलाचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. मोठं होण्याला एवढा वेळ लागू शकतो, आणि आमच्याकडे बायका तिसऱ्याच दिवशी सांगून मोकळ्या होतात.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तसुद्धा मुकुंदाला कुणी नीट निरोप देत नाही. शिरोडकर गाव सोडून जाते आणि त्याचं दहावीचं वर्ष येऊन ठेपतं. बाहेर आणीबाणी चालू, देशात केवढं काय घडतंय, आणि ह्या मुलाचं जग एका रिकाम्या घरापाशी संपलेलं. त्याला कुणी खुळा म्हणालं तर मला आजही राग येतो. भाचीला पुढं तेच देणार आहे, पण आत्ता नको. बदलीची जखम अजून ओली आहे.

संध्याकाळी चहा घेऊन गेले तर ती खिडकीत नव्हती. जिन्यात बसून फोनवर बोलत होती. मैत्रीण कन्नड, तिला मराठी समजतं तेवढंच, जेवढं ह्या दोघींनी एकमेकींना शिकवलंय. ही तिला लंपन वाचून दाखवत होती. जोडाक्षराशी अडखळायची, परत मागून सुरू करायची, वाक्य संपलं की कन्नडमध्ये सांगायची. मध्येच एक कन्नड शब्द आला, तो सांगावा लागला नाही. तिकडून हसण्याचा आवाज आला, मग हीपण हसली.

मी चहा पायरीवर ठेवला आणि पाय न वाजवता वर आले.