दोनशे फ्रँकचा आयफेल

"ही नोट मुळात याची नव्हेच!"

नोटा जमवणाऱ्या मित्राने फ्रान्सची जुनी 200 फ्रँकची नोट पुढे धरली. पुढच्या बाजूला आयफेल टॉवरवाला गुस्ताव आयफेल. मागे फक्त टॉवरचे पाय, आणि त्या कमानीतून दिसणारं पॅरिसचं 1889 चं जागतिक प्रदर्शन. अख्खा टॉवर न दाखवता पायच दाखवायचे, ही कल्पना मला भारी आवडली.

नोट ठरली होती ल्युमिएर बंधूंसाठी. तेच, ज्यांची हलती चित्रं 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पण दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाझींच्या कलाने चालणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारला दिलेला पाठिंबा लोकांनी उकरून काढला. गदारोळ झाला, बँक द फ्रान्सने ते डिझाइन गुंडाळलं आणि 1996 मध्ये आयफेल आला.

आता गंमत बघा. पनामा कालव्याच्या घोटाळ्यात 1893 साली याच आयफेलला दोन वर्षांची शिक्षा झाली होती. वरच्या कोर्टाने ती रद्द केली, तीही खटल्याची मुदत उलटून गेली म्हणून!

याच्यावर मात्र तसा गदारोळ नाही. शंभर वर्षं उलटली की सगळं माफ असतं का हो?