चौदा टेबलं ते शहाऐंशी : आमच्या प्रदर्शनाची वाटचाल

आमचं ऑफिस दादर पश्चिमेला, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टेबलं आणि कॉम्प्युटर, मागच्या खोलीत तंबू, दोर, पंप, आणि आता गेली काही वर्षं फ्लेक्सच्या गुंडाळ्या. भेटतो तो विचारतो की तुम्ही तर ट्रेक आणि सायकल टूर नेणारी माणसं, मग हे ट्रेक आणि सायकल टूरचं प्रदर्शन कुठून काढलंत, दर वेळी थोडं थोडं सांगून राहूनच जातं, म्हणून यावेळी सगळं सलग लिहायला बसलेय.

सुरुवात २००९ ची. मी फोर्टला एका बँकेत होते आणि नवरा शनिवार-रविवार बॅच घेऊन जायचा, राजमाची, भीमाशंकर, नाणेघाट, कळसूबाई. २०१२ ला मीही नोकरी सोडली आणि आम्ही कोकणातल्या सायकल टूर सुरू केल्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये सायकली चढवायच्या, मग अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, बागमांडल्याहून वेश्वी, केळशी, आंजर्ले, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड... हा रस्ता ज्याने सायकलवर केलाय त्याला कळेल मी काय म्हणतेय, दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते आणि दहा-पंधरा मिनिटं बोटीत बसून पाय मोकळे करायला मिळतात. आम्हाला रस्ते सापडले, घरं सापडली, जेवण घालणारी माणसं सापडली. गिऱ्हाईक मात्र ओळखीतूनच यायचं, त्याच्या पुढे जाईना.

म्हणून २०१४ ला आम्ही पर्यटनाच्या एका मोठ्या प्रदर्शनात स्टॉल घेतला. तीन बाय तीन मीटरचा डबा, भाडं आमच्या तेव्हाच्या तीन महिन्यांच्या कमाईइतकं. तिन्ही दिवस लोक येऊन दुबई आणि सिंगापूरचं पॅकेज विचारत होते. आम्ही मध्यभागी एक सायकल उभी केली होती तर ती लकी ड्रॉची आहे का असं निदान पन्नास जणांनी विचारलं असेल. चूक त्यांची नव्हती, ते दुसऱ्याच गोष्टीसाठी आले होते. परतताना टॅक्सीत नवरा म्हणाला, आपल्या लोकांसाठी आपणच काहीतरी करायला पाहिजे. दोन वर्षं ते तसंच डोक्यात राहिलं.

फेब्रुवारी २०१६ ला पार्ल्यातल्या एका शाळेचा हॉल घेतला. चौदा टेबलं, शाळेचीच, त्यावर घरच्या चादरी. सहा ट्रेकवाले, तीन सायकल टूरवाले, एक सायकलचं दुकान, आणि पाहुणे ठेवून घेणारी, गावाकडून आलेली चार घरं. त्या चारांत दिवेआगरकडच्या एक मावशी होत्या. बाकीच्यांचे फ्लेक्स होते, यांच्याकडे दोनशे पानी वही. बारा वाजेपर्यंत त्यांच्या टेबलाशी कोणी थांबलं नाही, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं कारण मीच त्यांना आग्रह करून एसटीने बोलावलं होतं. मग एक आजोबा आले, पार्ल्याचेच, सत्तरीच्या आसपासचे, सायकल रोज चालवणारे. त्यांनी वही उघडली. आत मावशींकडे राहून गेलेल्या प्रत्येक सायकलवाल्याची नोंद होती, नाव, गाव, किती वाजता निघाला, नाश्ता किती वाजता लागला, कुणाला लसूण चालत नाही. खाली एका ओळीत, ‘चेनचं काळं लागतं, जुन्या चादरी वेगळ्या ठेवणे.’ आजोबांनी विचारलं श्रीवर्धनला जाताना चढ कुठे लागतो, मावशींनी तो कुठे सुरू होतो, सावली कुठे आहे, पाणी कुणाच्या दारात मागायचं, सगळं सांगितलं. शेजारच्या टेबलावर त्याच रस्त्याची टूर विकणारा मुलगा पगारी होता, हुशार होता, पण त्या रस्त्याला गेलेला नव्हता, त्याला ब्रोशरच्या पलीकडे काही सांगता येईना. आजोबांनी मावशींकडे आठ जणांचं बुकिंग केलं, वहीतच.

त्या दिवशी आम्ही एक नियम केला तो आजही आहे. टेबल कुणीही घ्या, पण तिथे निदान एक माणूस असा बसला पाहिजे जो त्या वाटेने स्वतः चाललाय किंवा सायकल चालवलीय. फॉर्मवर तसं लिहून घेतो, आणि प्रदर्शनाच्या दिवशी मी स्वतः फिरून बघते.

मग वाढत गेलं. २०१७ ला बावीस, २०२० ला एक्केचाळीस, आणि मागच्या वेळी शहाऐंशी. मधे २०१९ ला भर सकाळी अकरा वाजता हॉलची वीज गेली. एकाने एलईडी भिंत लावली होती, दुसऱ्याने कॉफीचं मशीन, आणि त्या हॉलचं वायरिंग लग्नाच्या पंख्यांपुरतंच. दोन तास लोक मोबाईलच्या उजेडात नकाशे बघत होते. तेव्हापासून प्रत्येकाकडून आधी लिहून घेतो, काय काय लावणार, किती वॅटचं, आणि जनरेटर आमचा आम्ही आणतो.

कोविडचं फार लिहीत नाही. २०२० चं प्रदर्शन फेब्रुवारीत पार पडलं आणि मार्चमध्ये सगळं बंद, लोकांचे बुकिंगचे पैसे परत करताना आमची बचत गेली. २०२१ ला केलंच नाही. २०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉन आला म्हणून एप्रिलवर ढकललं, आणि एप्रिलमध्ये मुंबईच्या उकाड्यात कोण येणार.

तारखेचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण प्लॅनिंगमधलं सगळ्यात अवघड काम हेच. पावसाळा नको, दिवाळी नको. आमचा हॉल आता दादरला, म्हणून डिसेंबरचा पहिला आठवडा नकोच, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, त्या दिवसांत त्या भागात दुसरं काही घेऊ नये. जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा. मग लोक म्हणतात २६ जानेवारीची सुट्टी घ्या, पण जोडून सुट्टी आली की आपले सगळे ट्रेकवाले डोंगरात असतात, टेबलावर बसणार कोण? १९ फेब्रुवारीला शिवजयंती, किल्ल्यांवरचा एकही गाईड मोकळा नाही, आणि तोपर्यंत दहावी-बारावीच्या घरांत परीक्षेचं वातावरण. राहता राहिला फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार. पूर्वी हिमालयवाले कुरकुर करायचे की उशीर होतो, कारण रेल्वेचं रिझर्वेशन १२० दिवस आधी उघडायचं, मे महिन्याच्या ट्रेकची तिकिटं आमच्या प्रदर्शनाच्या आधीच संपलेली असायची. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, आता मे महिन्याची तिकिटं मार्चमध्ये उघडतात, म्हणजे माणूस आमच्याकडे येतो, ठरवतो, घरी विचारतो, रजा टाकतो, आणि तरीही तिकीट काढायला वेळ असतो. त्यामुळे त्यांची तक्रार गेली.

२०१८ पासून आम्ही शुक्रवार फक्त धंदेवाल्यांसाठी ठेवला. शनिवार-रविवार सगळ्यांना खुलं, शुक्रवारी मात्र टूर कंपन्या आणि गावातली घरं, गाईड, जीपवाले समोरासमोर बसतात, वीस-वीस मिनिटं, आधी वेळ ठरवून. पहिल्या वर्षी हे फसलं कारण कंपनीवाले पहिलाच प्रश्न टाकायचे, नेट रेट काय, म्हणजे कंपनीसाठीचा कमी केलेला भाव काय? कळसूबाईच्या पायथ्याकडचे एक काका, खोल्या तीन, घरचा तांदूळ, ते म्हणाले मी सगळ्यांना एकच भाव सांगतो, माणूस तोच, भाकरी तीच, कंपनीला कमी का म्हणून? आणि त्यांचं बरोबर होतं, मला उत्तर देता आलं नाही. मग संध्याकाळी आम्ही त्यांच्याबरोबर कागद घेऊन बसलो. शनिवारी त्यांच्या खोल्या भरतातच, सोमवार ते गुरुवार मात्र रिकाम्या. तर त्यांनी स्वतःच ठरवलं, शनिवार-रविवार कुणालाही सूट नाही, मधल्या वारी दहाच्या वर माणसं आणणाऱ्याला शेकडा पंधरा कमी, आणि आठ दिवस आधी अर्धे पैसे हातात. पुढच्या वर्षी तोच कागद आम्ही झेरॉक्स काढून गावाकडच्या सगळ्यांना दिला. आता शुक्रवारी सकाळी तासभर हेच शिकवतो, मराठीत, नेट रेट म्हणजे काय, कॅन्सलेशन कसं लिहायचं, राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ ला आलं त्यात नोंदणी कुणी करायची, पर्यटन संचालनालयाकडे काय कागद लागतात. हा तास मला अख्ख्या प्रदर्शनात सगळ्यात जवळचा वाटतो.

दुसरी एक छोटी गोष्ट. चांगल्या रोड सायकलींच्या ट्यूबला बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, गावात पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी, दोन्ही जुळत नाहीत. एवढ्याशा कारणासाठी आमचा एक ग्रुप गुहागरच्या अलीकडे उन्हात तीन तास बसला होता, ट्यूब होती, कॉम्प्रेसर होता, हवा जाईना. त्यावर औषध म्हणजे पितळेचा एक अडॅप्टर, बोटाच्या पेरापेक्षा लहान, व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचा. आम्ही आता गावाकडून टेबल घेणाऱ्या प्रत्येकाला असे दोन देतो, एक घरी ठेवा, एक नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला द्या. सुतळीला बांधून द्या म्हणजे हरवत नाही.

चालणाऱ्यांचं जरा वेगळं आहे. ट्रेक म्हटलं की चढ, घाम, रात्री अकराची कसारा लोकल, असंच लोकांच्या डोळ्यासमोर येतं. पण साठीच्या पुढची कितीतरी माणसं येऊन विचारतात, आम्हाला रोज दहा-बारा किलोमीटर चालायचंय, सामान उचलायचं नाही, संध्याकाळी गरम पाणी पाहिजे. परदेशातले स्टॉलवाले याच गोष्टीवर उभे आहेत, स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर शेवटचे १०० किलोमीटर पायी गेलं तरी प्रमाणपत्र मिळतं आणि बॅग पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या असतात. एक आजी ते ऐकून म्हणाल्या, म्हणजे दिंडीसारखंच की, सामान ट्रकात आणि आपण टाळ घेऊन मोकळे. खरंच आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, लाखो माणसं, मुक्काम ठरलेले, जेवण ठरलेलं, हे नियोजन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आम्ही त्या वर्षीपासून ‘चालायची सुट्टी’ अशी वेगळी रांगच केली, त्यात चढाचे ट्रेक घेत नाही. आता सगळ्यात जास्त गर्दी तिथे असते.

हॉलचा नकाशा आम्ही अजून चाळीच्या गच्चीवर खडूने काढतो. कॉम्प्युटरवर होतं सगळं, पण गच्चीवर चाललं की कळतं कुठे अडखळायला होतं. मधली वाट तीन मीटरची, कारण लोक सायकल हातात धरून येतात, बाबागाड्या येतात. एका बाजूला सायकल चालवून बघायची गोल पट्टी. सायकल स्टँडला टोकन, मागच्या वेळी रविवारी एका वेळी २३० सायकली उभ्या होत्या, मुलुंड, ठाणे, वाशी, पार बोरिवलीहून चालवत आलेल्या. आणि दारातून आत शिरल्यावर पहिली रांग गावाकडच्यांची.

या पहिल्या रांगेवरून दोन वर्षांपूर्वी घरात बरीच बोलाचाली झाली. परदेशी टूर विकणाऱ्या एका कंपनीने त्या रांगेसाठी दुप्पट भाडं देऊ केलं, सहा टेबलांची जागा एकत्र. जीएसटी धरून जो आकडा होता त्यात आमचा जनरेटर आणि मांडव दोन्ही निघत होतं. नवरा म्हणाला घेऊया, गावाकडच्यांना दुसरी रांग देऊ, काय फरक पडतो. मी म्हटलं पडतो, माणूस दारातून येतो तेव्हा ताजा असतो, प्रश्न विचारायची हौस असते, दुसऱ्या रांगेपर्यंत त्याच्या हातात वीस ब्रोशर झालेली असतात. तीन रात्री हेच चाललं होतं. शेवटी नाही म्हणालो, ती कंपनी गेली, तिच्याबरोबर अजून एक गेली, आणि त्या वर्षी आम्हाला खिशातून घालावे लागले. मोठ्या स्टॉलचं भाडं थोडं वाढवून गावाकडच्या टेबलांचं भाडं आहे तिथेच ठेवलंय, स्टॉलच्या भाड्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो आणि नोंदणी नसलेल्या घरवाल्याला तो परत मिळत नाही, म्हणून तेवढी रक्कम धरूनच त्यांचा दर आम्ही खाली लावतो.

यंदा शंभराच्या वर अर्ज आलेत. हॉल मोठा बघावा का यावर रोज चर्चा चाललीय, मोठा हॉल म्हणजे दादर सोडावं लागणार, आणि रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने पहाटे उतरणाऱ्या माणसाला स्टेशनवरून चालत येता आलं पाहिजे हे मला सोडवत नाही. बहुतेक आहे त्याच हॉलमध्ये नव्वदवर थांबू.

काल दिवेआगरहून फोन आला. मावशींचे गुडघे दुखतात, यंदा सूनबाई येणार आहेत, पण मावशीही शनिवारी येतो म्हणतायत, गाडीची सोय झाली तर. सूनबाई विचारत होत्या बुकिंगसाठी लॅपटॉप आणू का. मी म्हटलं आणा, पण वह्याही आणा, तिन्ही.