ढग आणि कापूस

शाळेत अलंकार ओळखण्याची एक गुरुकिल्ली आम्हांला मिळाली होती. ओळीत ‘सारखा’, ‘सम’ किंवा ‘परी’ दिसले की उपमा, ‘जणू’, ‘गमे’ किंवा ‘भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, आणि यांपैकी काहीच दिसले नाही तर धीर करून रूपक लिहून टाकायचे. या किल्लीने गुण पुष्कळ मिळाले. ज्या ओळीतून तो शब्द हुडकायचा, ती ओळ वाचायची तेवढी राहून गेली.

परीक्षांचा धाक संपल्यावर एकदा ढगांकडे पाहत बसलो असताना ही नावे पुन्हा आठवली, आणि ध्यानात आले की उपमेय, म्हणजे ज्याचे वर्णन करायचे ते, तेच असते, उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते, तेच असते, बदलते ती बोलणाऱ्याची धिटाई. ‘ढग कापसासारखे मऊ आहेत’ असे म्हणणारा मनुष्य सावध असतो. उपमेय, उपमान, दोघांतला समान धर्म आणि साम्य दाखवणारा शब्द असे चारही पुरावे तो जवळ बाळगतो. ‘ढग म्हणजे जणू कापूसच’ म्हणणारा थोडा पुढे सरकलेला असतो, पण ‘जणू’ हाताशी असल्यामुळे वेळ आलीच तर त्याला माघार घेता येते. ‘ढगांचा कापूस आभाळभर पसरला’ या रूपकात ती सोय उरत नाही. अपन्हुती तर धडधडीत नाकारतेच: हे ढग नव्हेत, कोणी कापूस पिंजून ठेवला आहे. ससंदेहातला मनुष्य ‘ढग की कापूस’ असा घुटमळत राहतो, तर भ्रांतिमानातली चिमणी शंका न घेता घरट्यासाठी तो कापूस वेचायला थेट आभाळात झेपावते. व्यतिरेकात ढगांपुढे कापूसच जड ठरतो. माझा जीव मात्र अनन्वयावर आहे. ‘ढगांसारखे ढगच’ हे वाक्य सगळी उपमाने धुंडाळून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाचे असते. (ते मुळीच न धुंडाळणाऱ्या आळशाचेही असू शकते, व्याकरणाला हा फरक कळत नाही.)

यमक आणि अनुप्रास यांचे एवढे कौतुक मला कधी वाटले नाही, कारण नाव कळण्याआधीच ते कानाला कळलेले असतात.

भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे 4 अलंकार सांगितले आहेत; पुढच्या शास्त्रकारांनी ही संख्या शंभराच्याही पलीकडे नेली. एवढी नावे कशाला, असा प्रश्न मलाही पडत असे. पण अलंकार मोजून काव्य सापडत नाही, ही जाणीव त्या शास्त्रकारांनाही होती, आणि त्याची साक्ष एका अगदी साध्या वाक्यात मिळते. ‘गतोऽस्तमर्कः’, म्हणजे सूर्य मावळला. सूर्य मावळला, चंद्र प्रकाशतो आहे, पक्षी घरट्यांकडे निघाले आहेत, हे कसले काव्य, ही तर नुसती वार्ता, असे म्हणून भामह या जुन्या काव्यशास्त्रकाराने ते बाजूला सारले. काही शतकांनी मम्मट या दुसऱ्या शास्त्रकाराने तेच वाक्य व्यंजनेचे, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवण्याच्या शब्दाच्या शक्तीचे, उदाहरण म्हणून पुढे आणले. अभिधेने, म्हणजे शब्दशः, त्याचा अर्थ एकच. पण कोण कोणाला कोणत्या वेळी सांगतो आहे, त्यावर सूचित अर्थ पालटत जातात. गुराख्यासाठी गाई परत वळवायच्या, व्यापाऱ्यासाठी मांडलेला माल आवरायचा, कष्टकऱ्यासाठी हातातले काम थांबवायचे, तर वाट पाहणाऱ्या स्त्रीसाठी आता तो येईल. या वाक्यात ‘सारखा’ नाही, ‘जणू’ही नाही, आमची गुरुकिल्ली इथे कुलपाला लागलीच नसती.

हे सगळे मी एका रात्री मोठ्या तन्मयतेने वाचत होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, “दिवा अजून चालूच आहे वाटतं?” अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दाच्या तीन शक्तींवरचे टिपण समोर उघडे असताना मी मान वर न करता उत्तर दिले, “हो, चालूच आहे.”