फोर्ट बोवी: अपाची खिंडीतल्या एका झऱ्यासाठी

गाडी लावून उतरलो तेव्हा किल्ला कुठेच दिसत नव्हता. वाळून पिवळं पडलेलं गवत, मेस्कीटची काटेरी झुडपं आणि दोन डोंगररांगांमधून आत शिरणारी एक पायवाट, एवढंच. उत्तरेला दोस काबेसास, दक्षिणेला चिरिकाहुआ आणि मधे ही ॲरिझोनातली अपाची खिंड. बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे फिनिक्सला आले आहेत. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड त्यांनी कितीदा पालथे घातलेत. त्यांनी डोळ्यांवर हात धरून चारी बाजूंना पाहिलं.

"अगं, तट नाही, बुरूज नाही. किल्ला कुठाय?"

"दीड मैल आत आहे, बाबा. आणि तट तिथेही नाही."

इथे जाणाऱ्या मराठी माणसाने ही एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येत फोर्ट म्हणतात ती बहुतेक ठिकाणी लष्कराची छावणी असते. मधे कवायतीचं मैदान, भोवती बराकी, अधिकाऱ्यांची घरं, तबेला, दवाखाना, कोठार. फोर्ट बोवीही तसाच. तट बघायला गेलात तर हिरमुसाल. मी सांगेन, पाणी बघायला जा. या खिंडीत बाराही महिने वाहणारा एक झरा आहे आणि इथलं सगळं रामायण त्या झऱ्यावरून घडलं. अपंग आणि फार वयस्क लोकांसाठी आगाऊ कळवून गाडीने वरपर्यंत जायची सोय आहे. पण पाय चालत असतील तर चालतच जा. पायवाट मुद्दाम अशी नेली आहे की झरा आधी येतो आणि छावणी शेवटी.

वाटेवर पहिला थांबा म्हणजे दगडी जोत्याचे चार अवशेष. हे बटरफील्ड कंपनीच्या टपालगाडीचं ठाणं. 1858 ते 1861 या काळात सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोला आठवड्यातून दोनदा टपाल जायचं. सुमारे 2800 मैलांचं अंतर घोडागाड्यांनी 25 दिवसांत कापायचं, असा सरकारशी करार होता. खिंडीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला रखरखीत खोरी. त्यामुळे ही वाट घेणाऱ्याला झऱ्यावर थांबल्यावाचून गत्यंतर नव्हतं. झरा चिरिकाहुआ अपाचींचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीचा. त्यांचा पुढारी कोचीस याने टपालगाड्यांना जाऊ दिलं, इतकंच नाही, त्याची माणसं या ठाण्याला सरपणही पुरवत.

मग फेब्रुवारी 1861 उजाडला. आठवडाभर आधी इथून दूर जॉन वॉर्ड नावाच्या शेतकऱ्याची गुरं आणि त्याच्या घरातला एक मुलगा पळवून नेला गेला होता. संशय कोचीसवर आला. जॉर्ज बॅस्कम नावाचा तरुण लेफ्टनंट 54 माणसं घेऊन खिंडीत उतरला आणि त्याने कोचीसला भेटायला बोलावलं. कोचीस भाऊ, पुतणे, बायको आणि मुलं यांना घेऊन आला. लढायला निघालेला माणूस बायकोमुलांना बरोबर आणत नाही. बॅस्कमने तंबूत त्याला सांगितलं, मुलगा परत मिळेपर्यंत तू आमच्या कैदेत आहेस. कोचीसने सुरा काढला, तंबूचं कापड फाडलं आणि गोळ्यांच्या वर्षावातून तो डोंगरात निसटला. घरची माणसं मात्र अडकली. अपाची लोक हा प्रसंग आजही 'तंबू फाडला तेव्हा' याच नावाने ओळखतात.

पुढचे दोन आठवडे दोन्हीकडे ओलीस. कोचीसने टपालठाण्यातला एक माणूस आणि काही वाटसरू धरले आणि अदलाबदलीचा निरोप धाडला. मुलगा द्या, मगच सोडतो, हा हेका बॅस्कमने सोडला नाही. मुलगा कोचीसकडे नव्हताच. त्याला दुसऱ्याच अपाची टोळीने नेलं होतं. तो त्यांच्यातच वाढला आणि मिकी फ्री या नावाने पुढे अमेरिकी लष्कराचाच दुभाषा झाला. इकडे कोचीसने ओलिसांना ठार केलं. लष्कराने त्याचा भाऊ, दोन पुतणे आणि आणखी तीन अपाची अशा सहा जणांना झाडांना फाशी दिलं. बायकोमुलांना सोडलं. त्यानंतर अकरा वर्षं या मुलखात शांतता नव्हती. बाबा त्या जोत्याच्या दगडावर बसून माहितीफलक दोनदा वाचत राहिले. मग म्हणाले, "भेटीला बोलावून धरलं. हे शोभत नाही." त्यावर मला काही सुचलं नाही.

थोडं पुढे कबरस्तान लागतं. लाकडी कुंपण आणि आत पांढऱ्या रंगाच्या पाट्या. 1894 मध्ये छावणी उठल्यावर सैनिकांचे अवशेष सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी दफनभूमीत हलवले. एका छोट्या पाटीवर 'लिटल रोब, जेरोनिमोचा मुलगा' असं लिहिलंय. जेरोनिमो म्हणजे लष्कराशी शेवटपर्यंत झुंजलेला अपाची पुढारी. वय दोन वर्षं, 1885. धरून आणलेल्या बायकामुलांमध्ये हे पोर होतं. पाटीपाशी कुणीतरी काही नाणी ठेवली होती, उन्हाने काळवंडलेली. इथे घाई करू नका. आवाजही खाली ठेवा.

पुढे अपाचींच्या गवती झोपडीची प्रतिकृती आहे आणि चिरिकाहुआंच्या राखीव प्रदेशाच्या कचेरीचा पाया. या मुलखातला शहाणपणाचा काळ असेल तर तो हाच. 1872 मध्ये जनरल हॉवर्ड हा एका हाताचा सेनाधिकारी, टॉम जेफर्ड्स या कोचीसच्या गोऱ्या मित्राला घेऊन, सैन्य मागे ठेवून डोंगरात गेला आणि त्याने कोचीसशी तह केला. अपाचींना त्यांचाच मुलूख राखीव मिळाला, झऱ्यासकट. कोचीसच्या अटीनुसार जेफर्ड्सलाच तिथला कारभारी नेमलं. 1874 मध्ये कोचीस गेला. पश्चिमेकडच्या ड्रॅगून डोंगरात त्याला पुरलं आणि ती जागा जेफर्ड्सने मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही. 1876 मध्ये सरकारने राखीव प्रदेश मोडला आणि लोकांना उत्तरेला सान कार्लोसला हलवायचा हुकूम काढला. पुष्कळ जण गेले. जेरोनिमोसारखे काही निसटले. पुढची दहा वर्षं त्यांच्या पाठलागात गेली.

आणि मग झरा. वाट ओढ्याच्या कडेने वळते, एकदम सावली येते आणि हवा गार लागते. दगडांच्या सांदीतून करंगळीएवढी धार निघते, खाली शेवाळलेल्या डबक्यात साचते आणि पुढे गवतात नाहीशी होते. आमच्या समोर एक लहानसा पक्षी येऊन चोच बुडवून गेला. एवढंच पाणी. याच्यासाठी 15 जुलै 1862 ला इथे लढाई झाली. अमेरिकेच्या यादवी युद्धात कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे निघालेल्या फौजेची एक तुकडी कॅप्टन रॉबर्ट्स घेऊन आला होता. सुमारे 40 मैल बिनपाण्याची चाल करून माणसं खिंडीत पोचली, तेव्हा झऱ्यावरच्या दोन्ही टेकड्यांवर दगडांचे आडोसे रचून कोचीस आणि त्याचा सासरा मांगास कोलोरादास यांची माणसं बसली होती. मागे फिरावं तर तहानेने मरण, पुढे जावं तर गोळ्या. रॉबर्ट्सकडे डोंगरी तोफा होत्या. त्यांचे गोळे टेकड्यांवर फुटायला लागल्यावर अपाची हटले आणि सैनिकांना पाणी मिळालं. झऱ्यापाशी उभं राहून वर बघा म्हणजे ते आडोसे कुठे असतील हे कुणी न सांगता कळतं. मागून आलेल्या जनरल कार्लटनने पाणी पाहिलं आणि त्याच महिन्यात इथे ठाणं बसवायचा हुकूम दिला. कॅलिफोर्नियाच्या पायदळाचा कर्नल जॉर्ज वॉशिंग्टन बोवी याचं नाव त्याला मिळालं.

झऱ्याचं पाणी पिऊ नका. आपलं पाणी माणशी निदान दोन लिटर बरोबर ठेवा. वर माहिती केंद्रात पिण्याचं पाणी मिळतं.

पहिली छावणी घाईघाईत टेकडीवर उभारली होती. 1868 मध्ये ती शेजारच्या सपाटीवर हलवली. आज दिसतो तो पसारा या दुसऱ्या छावणीचा. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या भिंती गुडघ्याएवढ्या, कुठे पुरुषभर उरल्यात. पावसाने विरघळू नयेत म्हणून त्यांच्यावर चुन्याचा गिलावा चढवलाय. एका ठिकाणी गिलावा सुटून आतली वीट उघडी पडली होती. मातीत गवताच्या काड्या स्पष्ट दिसत होत्या. बाबांना त्यांच्या आजोळच्या घराची भिंत आठवली. हात लावावासा वाटतो, पण लावू नका. भिंतींवर चढणं किंवा बसणं तर नाहीच.

छावणीच्या मागे एक शिखर आहे. 1886 मध्ये जेरोनिमोच्या पाठलागासाठी जनरल माइल्सने ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत 27 ठिकाणी हेलिओग्राफ बसवले, त्यातलं एक या शिखरावर होतं. आरशावर ऊन घेऊन त्याच्या लुकलुकीतून मोर्स लिपीत निरोप पाठवायचं हे यंत्र. ते हेन्री मान्सने 1869 मध्ये कराचीला तार खात्यात असताना तयार केलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बाबांनी आयुष्यभर तार खात्यात नोकरी केली. हा फलक त्यांनी सगळ्यात जास्त वेळ वाचला.

जेरोनिमोच्या शेवटच्या टोळीत बायकामुलं धरून चाळीसच्या आत माणसं होती. त्यांच्यामागे सुमारे 5000 सैनिक होते. शेवटी त्याला शरण यायला राजी केलं ते लेफ्टनंट गेटवूड आणि मार्टीन व कायिता या दोन अपाची वाटाड्यांनी. 4 सप्टेंबर 1886 ला स्केलेटन कॅन्यनमध्ये तो माइल्सला शरण आला. त्याला इथे आणलं आणि 8 तारखेला याच कवायतीच्या मैदानावरून गाड्यांत बसवून बोवीच्या रेल्वे स्टेशनवर नेलं. निघताना पलटणीच्या बँडने निरोपाचं गाणं वाजवलं. फ्लोरिडा, मग अलाबामा, मग ओक्लाहोमा अशी 27 वर्षं चिरिकाहुआ युद्धकैदी म्हणून राहिले. त्यात लष्कराची चाकरी केलेले वाटाडेही होते. मार्टीन आणि कायिताही. जेरोनिमो 1909 मध्ये कैदेतच वारला. सुटका झाली 1913 मध्ये, आणि तेव्हाही या खिंडीत त्यांना परत येऊ दिलं नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. फिनिक्सहून विलकॉक्स साधारण तीन तास, टूसॉनहून त्याच्या निम्म्याहून कमी. आदल्या रात्री विलकॉक्सला मुक्काम करा आणि टाकी तिथेच भरा. तिथून 186 नंबरच्या रस्त्याने सुमारे 20 मैल आणि मग डावीकडे अपाची पास रोड. शेवटचा टप्पा कच्चा आहे. कोरड्या दिवसांत साधी गाडी जाते, पाऊस झाला असेल तर जाऊ नका. मोबाइलला रेंज धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून घ्या. प्रवेश फुकट आहे. माहिती केंद्राच्या वेळा बदलतात, त्या निघण्यापूर्वी तपासा. जाऊन-येऊन तीन मैल आणि चढ सौम्य, पण उंची 5000 फुटांच्या आसपास असल्याने दम लवकर लागतो. आम्हाला थांबत थांबत साडेतीन तास लागले. नोव्हेंबर उत्तम, मार्चही चांगला. जुलै ते सप्टेंबर दुपारी विजांचा पाऊस येतो, तेव्हा गेलात तर सकाळी लवकर जाऊन परता. खुळखुळ्या साप इथे भरपूर, त्यामुळे वाट सोडून गवतात पाय घालायचा नाही.

परतताना वरच्या धारेवरची वाट घ्या. तिथून सगळी छावणी एका नजरेत येते आणि झऱ्याभोवतीच्या झाडांचा हिरवा ठिपकाही दिसतो. वेळ असेल तर त्याच दिवशी चिरिकाहुआचे दगडी सुळके होतात, पण मग इथे सकाळी आठलाच हजर हवं. नसेल तर उत्तरेकडून बोवी गावाकडे उतरा. जेरोनिमोला ज्या दिशेने नेलं तीच ही दिशा. 13 मैलांवर महामार्गाला समांतर तोच लोहमार्ग आहे. आम्ही पोचलो तेव्हा फाटक पडलं होतं आणि पूर्वेकडे जाणारी मालगाडी संपता संपत नव्हती.