तुम्ही विचारलंत म्हणून: सी भाषेत मजकूर म्हणून आलेल्या आकड्याचा खरा आकडा करायचा, तर या एका ओळीच्या कामाला बारा ओळी का?

कोड रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न मला दर वेळी येतो. ‘एटूआय (atoi) हे तयार फंक्शन आहे की. स्ट्रिंग (मजकूर) दे, इंटिजर (पूर्णांक) घे.’

आहे. मीही अनेक वर्षं तेच वापरलं.

आमच्या एका प्रोग्रॅममध्ये जुन्या नोंदी किती दिवस ठेवायच्या याचा आकडा सेटिंगच्या फाइलमधून यायचा. ३० हवे होते. कुणीतरी घाईत ३ लिहून पुढे शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप केला. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, मी स्वतः ती ओळ दोनदा वाचली होती. एटूआयने ३ वाचला, ओ दिसताच थांबलं आणि निमूट ३ परत दिला. रात्री सफाईचा जॉब चालला. सकाळी २७ दिवसांच्या नोंदी गायब, आणि बॅकअपही त्याच सेटिंगवर छाटला जात होता. लॉगमध्ये चुकीची एक ओळ नाही. त्यातल्या बऱ्याच नोंदी परत मिळाल्याच नाहीत.

तेव्हाचा मी म्हणायचो, फाइल आपलीच, आपणच लिहिणार, तपासायचं कशाला? ते म्हणणं मला आजही पूर्ण खोटं वाटत नाही. पण एटूआय ‘शून्य’ या स्ट्रिंगलाही ० देतं आणि खऱ्या ० लाही ०. आकडा इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या ठरावीक जागेत, मावला नाही तर काय होईल, याची सी भाषा हमीच देत नाही. मग मी विचारणार कुणाला?

म्हणून स्ट्रटॉल (strtol), तेच काम करणारं पण कुठे थांबलं ते सांगणारं फंक्शन. एंडपॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा) जागचा हलला का, स्ट्रिंगच्या टोकापर्यंत पोचला का, ईरेंज (आकडा मावला नाही ही खूण) आलं का, हे सगळं बघायचं. शिवाय लिनक्सवर ६४ बिटच्या बिल्डमध्ये लाँग, म्हणजे स्ट्रटॉल ज्या प्रकारात आकडा देतं तो, ६४ बिटचा असतो, त्यामुळे २१४७४८३६४७ या इंटच्या मर्यादेपुढचा आकडा त्यात आरामात बसतो आणि इंटमध्ये टाकताना बिघडतो. ती तपासणी वेगळी.

इतकं करूनही मी चुकलो. कॉलच्या आधी एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक जिथे राहतो ती जागा) शून्य करायला विसरलो. आधी एक फाइल उघडता आली नव्हती, तिचा एररनो तसाच पडून होता, आणि एररनो शून्य नाही एवढंच बघून माझ्या कोडने चांगला ३० नाकारला. बारा ओळींमुळे मी सुरक्षित झालो, असं मी म्हणतच नाही.

शेवटच्या स्पेसचं काय करायचं, हे तर अजून ठरत नाही. स्ट्रटॉल सुरुवातीच्या स्पेस स्वतःहून ओलांडतं, शेवटच्या नाही. सध्या मी अशी स्ट्रिंग नाकारतो. मागच्या प्रोजेक्टमध्ये चालवून घेत होतो.