खानावळ चालू आहे

मालवणातून तारकर्लीकडे निघालात की रस्त्याला लागूनच आमची खानावळ, २००९ पासून. आईने घराच्या पडवीत चार बाकडी टाकून सुरू केली, मग मी मुंबईची नोकरी सोडून आलो, मग पत्रे घातले, मग फरशी, आता २८ खुर्च्या. २००९ ते २०१९ काय केलं विचाराल तर सांगण्यासारखं काहीच नाही, मासे आले, शिजले, संपले. २०२०चा मे लॉकडाऊनमध्ये गेला आणि २०२१चा मे तौक्ते वादळ घेऊन गेलं, पत्र्यांसकट. पण ते सगळ्यांचंच गेलं, त्याचं रडगाणं नको. मला सांगायचंय ते डिसेंबर २०२२चं, कारण ते फक्त माझं गेलं.

धंद्यातल्या माणसाला समजवायला नको, जून-जुलै मासेमारी बंद, श्रावणात अर्धी जनता शाकाहारी, गणपतीत चाकरमानी येतात पण ते आपापल्या घरी जेवतात, म्हणजे खरं पीक दोनच, मे महिना आणि नाताळचा आठवडा. २०२२ला तर सगळं जुळून आलेलं. कोरोनानंतर लोक मोकळे झालेले, २४ तारीख शनिवारची, आणि मार्गशीर्ष आदल्याच दिवशी संपलेला, त्यामुळे गुरुवारचीपण भीती नाही. मी हप्त्यावर नवा डीप फ्रीझर घेतला, फाट्यावर फ्लेक्स लावला, वाढायला दोन पोरं जादा ठेवली. २४ला बंदरावरून १४ किलो सुरमई उचलली, सौंदाळे वेगळे, तिसऱ्या वेगळ्या.

दुपारी दोन वाजता आत तीन टेबलं. रस्त्यावर एमएच १२, एमएच १४, एमएच ०९ नुसत्या वाहतायत, गाडी आमच्यासमोर स्लो होते, आतला माणूस मोबाईल बघतो, मान हलवतो, गाडी पुढे. मला वाटलं फ्लेक्स दिसत नसेल, म्हणून पोराला रस्त्यावर उभा केला हात दाखवायला. दुसऱ्या दिवशीपण तेच.

पुढे दोनशे मीटरवर त्याच नोव्हेंबरात एक नवीन हॉटेल उघडलेलं. नाव घेत नाही, घ्यायची गरजपण नाही, कारण त्याने नाव आमचंच घेतलेलं, फक्त पुढे 'ओरिजिनल' लावून! बोर्डपण आमच्यासारखाच पिवळा. ड्रायव्हरला टेबलमागे कमिशन, मेनूकार्डात मालवणी थाळीच्या खाली पनीर टिक्का आणि त्याच्याखाली नूडल्स. माझ्याकडेपण ड्रायव्हर यायचे विचारायला, मी त्यांना जेवण फुकट देतो, पैसे देत नाही, पहिल्यापासून नाही. ते पैसे शेवटी सुरमईच्या तुकडीतनंच कापावे लागतात, तुकडी बोटभर पातळ झाली की गिऱ्हाईकाला कळतं, बोलत नाही तो, पण परत येत नाही.

२५च्या रात्री डोंबिवलीच्या काकांचा फोन आला. बँकेतनं रिटायर झालेला माणूस, २०११ पासून दर २६ डिसेंबरला आमच्याकडे दुपारी जेवणार, बांगड्याचं तिखलं, तिरफळ जास्त, भात कमी, आणि खिडकीजवळचीच खुर्ची. फोनवर आधी काही बोलेनातच. मग हळूच म्हणाले, "अरे, आई बरी आहे ना? मॅपवर तुमच्या नावाखाली लाल अक्षरात कायमचं बंद असं दाखवतंय, मला वाटलं काही झालं की काय."

मी उघडून बघितलं. खरंच लाल अक्षरं. आमची ती मॅपवरची नोंद आम्ही टाकलेलीच नव्हती, कुठल्यातरी पर्यटकाने टाकलेली, आम्ही कधी मालक म्हणून हक्क सांगितलाच नाही, आणि तिथे कुणीही 'हे ठिकाण बंद झालंय' असं सुचवू शकतो. कुणी सुचवलं? पुरावा नाही म्हणून बोलत नाही. पण मालवणात दिवसा उघडी असलेली खानावळ कायमची बंद आहे हे कुणाला सुचेल, तुम्हीच सांगा.

त्या रात्री फ्रीझर उघडून मी नुसता बघत बसलो. हप्ता, पोरांचे पगार, बंदराची उधारी, डोळ्यासमोर सरळ दिसत होतं की जानेवारीत मुंबईला परत जायचं. सकाळी बंदरावरच्या मावशीला सांगायला गेलो की आज मासे नको, तर ती म्हणाली, "पैशे मगे दी रे, मासे ने." बास एवढंच.

वाचवलं ते आईच्या वहीने. कोंबडी-वड्यांची ऑर्डर आदल्या दिवशी सांगावी लागते, गावठी कोंबडा काय पाच मिनिटात शिजत नाही, म्हणून आई पहिल्यापासून एका लांब वहीत नाव, गाव, फोन लिहून घ्यायची, पुढे तिच्या खुणा, "तिखट नको", "पोरगं लहान", "वडे मागून घेतात". तीनेकशे नंबर. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाकला तर ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, म्हणून बायकोने आणि मी २६च्या रात्री दोन वाजेपर्यंत एकेकाला पाठवला, "खानावळ चालू आहे. उद्या सुरमई, सौंदाळे, कोंबडी-वडे. सांगून या." कोण कोल्हापूरला, कोण पुण्याला, पण त्यांचे भाऊ, मेहुणे, ऑफिसवाले तारकर्लीत उतरलेले होतेच. २८ला बारा टेबलं जेवून उठली, ३१ला लोक पायरीवर बसून थांबले. भाच्याने मालकीची पडताळणी करून मॅपवरची लाल अक्षरं काढली तेव्हा ३० तारीख उजाडलेली.

आता तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. मॅपवरची नोंद आजच आपल्या नावावर करून घ्या आणि नाताळात रोज सकाळी एकदा उघडून बघा, सुट्टीच्या दिवसांची वेळपण वेगळी टाकता येते ती टाका. 'बाजारभावाप्रमाणे' लिहू नका, बिलावर भांडण तिथेच सुरू होतं, आम्ही शाळेतला जुना फळा आणलाय, दर दिवाळीला काळा रंग मारतो आणि रोज साडेदहाला खडूने मासा आणि त्यापुढे आकडा. त्याचाच फोटो स्टेटसला. थाळीचा फोटो पडवीच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली सोलकढी राखाडी दिसते, कितीही फिल्टर लावा. आणि पहिला मेसेज डिसेंबरात पाठवू नका, तोपर्यंत माणसाचं सगळं ठरलेलं असतं. आधी रेल्वेचं रिझर्वेशन १२० दिवस आधी उघडायचं तेव्हा आम्ही नाताळचा मेसेज गणपतीच्या आसपास टाकायचो, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, आता ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकतो. तिकीट काढताना आमची सुरमई डोक्यात पाहिजे. आणि पंचांग बघा हो! २०२४ला २६ डिसेंबर मार्गशीर्षातला गुरुवार होता, आम्ही आदल्या दिवशीच काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्यांचा फोटो टाकला, बिडाचे दोन तवे दिवसभर उतरले नाहीत. पुढचा ओरिजिनलवाला त्या दिवशी काय करत होता माहीत नाही, पनीर असेल.

त्याच्याकडे अजूनही गर्दी असते, खोटं कशाला बोलू. ड्रायव्हर अजून तिकडेच वळवतात.

फळ्याच्या वरच्या पट्टीवर मी ऑइलपेंटने कायमचं लिहून घेतलंय, 'खानावळ चालू आहे'. गेल्या नाताळात एका पुण्याच्या मुलीने हसून विचारलं, काका, चालू आहे ते दिसतंय की, लिहिलंय कशाला? मी काही बोलायच्या आत खिडकीजवळच्या खुर्चीवरून डोंबिवलीचे काका म्हणाले, "बस बाळा, मी सांगतो," आणि माझ्याकडे बघून, "आधी भात आण रे, थोडाच."