आयफोर कोण?

ऑरलँडोतल्या एका वकिलांच्या ऑफिसात मी टायटल सर्चचं काम करते. जमिनीचे जुने दस्त एकामागून एक मागे वाचत जायचे आणि मालकीची साखळी मध्येच तुटलेली नाही ना, ते तपासायचं. काम तसं रुक्षच.

नोकरीला दोनच महिने झाले असताना ओहायोतल्या एका बाईंचं प्रकरण माझ्याकडे आलं. त्यांच्या पणजोबांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टाने पैसे पाठवून फ्लोरिडात पाच एकर घेतले होते. तेव्हा उत्तरेकडच्या लोकांना असे तुकडे सर्रास विकले जात. जागा न बघताच. घरात नकाशा सापडला होता, म्हणून बाई विचारत होत्या की जमीन अजून आमची आहे का.

दुपारपर्यंत शोधल्यावर मे १९६५चं खरेदीखत हाती लागलं. वारसांनी जमीन विकली होती. मोबदल्याच्या जागी नेहमीचं मोघम वाक्य, ‘दहा डॉलर व इतर मौल्यवान मोबदला’. घेणार ‘आयफोर कॉर्पोरेशन’. असली कंपनी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, असेल कुणी गाळात गेलेला दलाल.

माझी टिपणं मी मराठीतच काढते. पलीकडच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी कॉफी घेऊन जाताना थांबले. म्हणाले, ‘‘नाव मोठ्याने वाच.’’

वाचलं. आणि स्वतःच्याच वहीकडे बघत राहिले. ‘Ayefour’ या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जे दडलं होतं, ते देवनागरीत सरळ उघडं पडलेलं होतं. आय-फोर! ज्या महामार्गावरून मी रोज कामाला येते, तोच.

मग त्यांनी खुर्चीच ओढली. टॉमाहॉक प्रॉपर्टीज, रीडी क्रीक रँच, लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट... नावं निरनिराळी, पण खरेदीदार एकच, वॉल्ट डिस्नी. कॅलिफोर्नियात अनाहाइमला १९५५मध्ये पार्क उघडलं तेव्हा जागा होती १६० एकर. बघता बघता भोवती दुसऱ्यांची मोटेलं उभी राहिली आणि धंदा त्यांचा झाला. ती चूक डिस्नींना पुन्हा करायची नव्हती. शिवाय मिसिसिपीच्या पूर्वेकडून तिथे येणारे थोडेच. म्हणून फ्लोरिडा, पण समुद्रकिनारा नको. नोव्हेंबर १९६३मध्ये त्यांनी विमानातून हा भाग पाहिला. खाली दलदल, पण जवळच आय-फोर आणि टर्नपाइक हा टोलचा महामार्ग एकमेकांना छेदत होते. मला विचाराल तर तिथेच जागा ठरली.

गावात मात्र कुणी म्हणे बोइंग येतंय, कुणी म्हणे फोर्ड. २७ हजारांहून जास्त एकर जमवून झाले, सरासरी एकरी दोनशे डॉलरच्याही आत. ऑक्टोबर १९६५मध्ये ‘ऑरलँडो सेंटिनेल’ने नाव छापलं आणि आसपासचे भाव आकाशाला भिडले. आमचं खरेदीखत त्याआधी पाच महिन्यांचं.

हे बाईंना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. जुना नकाशा नव्यावर ठेवून पाहिला तर त्या पाच एकरांतून पाण्याच्या निचऱ्याचा कालवा गेलेला. फोनवर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग भलतंच विचारलं, ‘‘आमच्यापैकी कुणी तिथे कधी गेलं होतं का?’’

पणजोबांचं मला माहीत नव्हतं. विक्रीच्या सह्या ओहायोतल्याच नोटरीसमोर झाल्या होत्या, तेवढं मी सांगितलं.